शस्त्रक्रियेपूर्वीचा अतिरक्तस्राव : वाट पाहण्याच्या आठवड्यांत काय करावे

फायब्रॉइडच्या (गर्भाशयाच्या स्नायूतल्या) गाठी, पॉलिप (अस्तरातून लोंबणारी मऊ वाढ), ॲडेनोमायोसिस (अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणे) किंवा गर्भाशयाच्या अस्तराची अवाजवी वाढ यांमुळे पाळीत फार रक्त जाऊ लागले आणि तपासण्यांनंतर शस्त्रक्रिया करायचे ठरले, की बहुतेक स्त्रियांना आणि त्यांच्या घरच्यांना वाटते की आता जे काही व्हायचे ते शस्त्रक्रियागृहातच होणार, तोवर फक्त दिवस मोजायचे. ही समजूत महागात पडते. तारीख ठरल्यापासून शस्त्रक्रिया होईपर्यंतचे आठवडे हा उपचाराचाच भाग आहे आणि त्यात दोन कामे एकाच वेळी चालवावी लागतात : जाणारे रक्त कमी करणे आणि गेलेले भरून काढणे. यांतले एकच केले तर ते तळाला भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतण्यासारखे होते. रक्तक्षय तसाच ठेवून शस्त्रक्रिया झाली तर बाहेरचे रक्त द्यावे लागण्याची, जंतुसंसर्गाची आणि रुग्णालयातला मुक्काम लांबण्याची शक्यता वाढते, हे आता पुरेसे स्पष्ट झालेले आहे.

पुढे औषधांच्या ज्या मात्रा दिल्या आहेत त्या तुमच्या हातातली चिठ्ठी तुम्हाला समजावी, डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता यावा, एवढ्यासाठीच आहेत. त्या वाचून कोणतेही औषध स्वतःहून सुरू करू नये, आणि चालू असलेले बंदही करू नये.

पहिली पायरी : तातडीची स्थिती ओळखणे

मोठे पॅड तासाभरात पूर्ण भिजते आहे आणि असे सलग दोन तास किंवा त्याहून अधिक चालले आहे, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, छातीत धडधडते, बसल्या जागी धाप लागते, छातीत दुखते किंवा अंग गार आणि घामेजलेले होते, यांपैकी काहीही झाले तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता सोबत कोणाला तरी घेऊन तातडीच्या विभागात जावे. स्वतः वाहन चालवू नये. तिथे शिरेतून द्रव आणि गरजेप्रमाणे रक्त दिले जाते, रक्तस्राव थांबवणारी औषधे सुरू होतात, आणि त्यांनी भागले नाही तर गर्भाशयात फुगा फुगवून दाब देणे, क्युरेटिंग करणे (अस्तर खरवडून काढणे) किंवा गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या आतून बंद करणे असे पुढचे उपाय असतात.

अशा वेळी एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवावी. अचानक पुष्कळ रक्त गेल्यावर लगेच काढलेले हिमोग्लोबिन फसवे असू शकते, कारण रक्तातल्या पेशी आणि द्रव एकाच प्रमाणात गेलेले असतात आणि आकडा उतरायला काही तास लागतात. म्हणून 'रिपोर्ट तर बरा आहे' एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. नाडी, रक्तदाब आणि रुग्णाची अवस्था यांना त्या घडीला अधिक वजन असते. याच्या उलटही घडते. महिनोन्‌महिने रक्त जात राहिलेले शरीर कमतरतेशी जुळवून घेते, आणि हिमोग्लोबिन ६ किंवा ७ वर आलेली स्त्री घरकाम, नोकरी सगळे सांभाळत चालती-फिरती असते. दुखणे अंगावर काढण्याची सवय इथे सर्वांत घातक ठरते, कारण तिची झीज कोणाच्याच, कित्येकदा तिच्या स्वतःच्याही, लक्षात येत नाही.

गर्भधारणेची शक्यता असलेल्या वयात प्रत्येक असाधारण रक्तस्रावात आधी गर्भचाचणी करावी, मग कुटुंबनियोजनाचे साधन वापरात असो वा नसो. गर्भपात किंवा गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा हे निदान हुकले तर पुढचा सारा उपचार चुकीच्या दिशेने जातो.

दुसरी पायरी : नोंद ठेवणे

'खूप जाते' या शब्दांत डॉक्टरांना फारसे काही कळत नाही. पाठ्यपुस्तकांत एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जाणे म्हणजे अतिरक्तस्राव अशी जुनी व्याख्या आहे. आता मात्र रक्तस्रावामुळे स्त्रीच्या शारीरिक, मानसिक किंवा सामाजिक जीवनात अडथळा येतो का, यावरून ते ठरवतात, आणि ते मला अधिक रास्त वाटते. तरीही मोजमाप हवे, कारण औषध लागू पडते आहे की नाही हे त्यावाचून कळणार नाही.

१९९० पासून वापरात असलेली एक साधी गुणपद्धती यासाठी पुरते. थोडे डागाळलेल्या पॅडला १ गुण, मध्यम भिजलेल्याला ५, पूर्ण भिजलेल्याला २०. लहान गुठळीला १ आणि मोठीला ५. सगळ्या पाळीची बेरीज १०० च्या वर गेली तर रक्तस्राव जास्त मानतात. पॅड किती शोषते हे प्रत्येक बनावटीत वेगळे असल्यामुळे एकाच प्रकारचे पॅड वापरून आपलीच एक पाळी दुसरीशी ताडून पाहण्यासाठी ही बेरीज चांगली. परक्या आकड्यांशी तुलना करत बसू नये. मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्यांना त्यावरच्या खुणांवरून थेट मिलिलिटरमध्ये लिहिता येते. सोबत पाळीचे किती दिवस झाले, रात्री उठून पॅड बदलावे लागले का, कपडे किंवा अंथरूण खराब झाले का, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त गेले का, आणि त्या दिवसांत कोणती गोळी किती वाजता घेतली, हेही लिहावे.

तिसरी पायरी : कारण आणि रक्ताची स्थिती तपासणे

आंतरराष्ट्रीय स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्र महासंघाने २०११ मध्ये रक्तस्रावाच्या कारणांचे जे वर्गीकरण मांडले त्यात दोन मोठे गट आहेत. पॉलिप, ॲडेनोमायोसिस, फायब्रॉइड आणि कर्करोग किंवा त्याआधीची वाढ ही सोनोग्राफीत अथवा सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी कारणे. रक्त गोठण्यातील दोष, बीजनिर्मितीचा बिघाड, अस्तरातलाच दोष, औषधे किंवा उपकरणांमुळे होणारा रक्तस्राव आणि अवर्गीकृत कारणे ही न दिसणारी. मुद्दा असा की सोनोग्राफीत गाठ सापडली म्हणून दुसऱ्या गटातले कारण नाहीसे होत नाही. दोन्ही एकत्र असू शकतात, आणि नेमके तिथेच शस्त्रक्रियेच्या टेबलावर आश्चर्ये घडतात.

म्हणून रक्त गोठण्याच्या दोषाचा इतिहास स्वतःहून सांगावा. पहिल्या पाळीपासूनच फार रक्त जात होते का, दात काढल्यावर किंवा आधीच्या एखाद्या शस्त्रक्रियेत रक्त थांबायला वेळ लागला होता का, बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव झाला होता का, विनाकारण काळेनिळे डाग पडतात का, नाकातून किंवा हिरड्यांतून वारंवार रक्त येते का, घरात कोणाला असा त्रास आहे का? उत्तरे होकारार्थी असतील तर फॉन विलेब्रांड आजाराची (रक्त गोठवणाऱ्या एका प्रथिनाच्या जन्मजात कमतरतेची) तपासणी शस्त्रक्रियेआधीच व्हायला हवी, कारण तो माहीत असेल तर योग्य औषधांची तयारी ठेवता येते.

नेहमीच्या तपासण्यांत संपूर्ण रक्तगणना, फेरिटिन, रक्तगट आणि गरजेनुसार थायरॉइड, यकृत व मूत्रपिंडाच्या चाचण्या येतात. यांपैकी फेरिटिन सर्वांत जास्त वेळा राहून जाते. ते शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देते. ३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी असेल तर हिमोग्लोबिन अजून ठीक दिसत असले तरी साठा रिकामा होत आला असे समजावे. उलट शरीरात कुठे दाह किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन खोटेच चढलेले दिसू शकते. वय ४५ किंवा त्याहून अधिक असेल, वजन फार जास्त असेल, पाळी दीर्घकाळ अनियमित असेल किंवा औषधांना दाद मिळत नसेल तर अस्तराची बायोप्सी करून घेतात. पाळी कायमची बंद झाल्यानंतर पुन्हा रक्त दिसले तर, ते थेंबभर का असेना, ही तपासणी टाळू नये.

चौथी पायरी : रक्तस्राव आटोक्यात आणणे

इथे प्रत्येकीला वेगळे औषध लागू शकते. शेजारणीला जे मानवले ते तुम्हाला चालेलच असे नाही.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे हार्मोन नव्हे. गोठलेले रक्त विरघळवण्याची शरीराची प्रक्रिया ते रोखते आणि त्यामुळे गर्भाशयात तयार झालेली गुठळी टिकते. उटाको आणि शोसुके ओकामोटो या जपानी संशोधक दांपत्याने १९६२ मध्ये ते जगापुढे आणले, आणि आजही ते शस्त्रक्रियागृहापासून अपघात विभागापर्यंत सर्वत्र वापरले जाते. नेहमीची मात्रा १ ग्रॅम दिवसातून तीन वेळा, फक्त रक्त जास्त जाते त्या दिवसांत, साधारण ४ ते ५ दिवस. पाळी सुरू होताच घेतले तर फायदा अधिक. तिसऱ्या दिवशी आठवण होऊन घेतले तर निम्मी संधी गेलेली असते. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल अथवा पूर्वी होऊन गेली असेल, फिट्स येत असतील किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर ते आधी सांगावे.

मेफेनॅमिक ॲसिडसारख्या वेदनाशामकांनी रक्तस्राव आणि कळा दोन्ही कमी होतात, मात्र ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडपेक्षा कमी प्रमाणात. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा ॲस्पिरिनने बळावणारा दमा असणाऱ्यांनी ती टाळावीत. रक्त गोठण्याचा मूळ दोष असल्यासही ती योग्य नाहीत.

नॉरएथिस्टेरॉन पुष्कळजणींना पाळी पुढे ढकलण्याची गोळी म्हणून माहीत असते. चालू रक्तस्राव थांबवण्यासाठी ती सामान्यतः ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, १० दिवस देतात. गोळी बंद केल्यावर दोन-चार दिवसांत पाळी येते आणि ती कधी जोराची असते. म्हणूनच 'कोर्स संपण्याची तारीख आणि शस्त्रक्रियेची तारीख यांचा मेळ कसा बसवायचा?' हा प्रश्न चिठ्ठी घेतानाच विचारावा. काही वेळा डॉक्टर ती शस्त्रक्रियेपर्यंत चालू ठेवायला सांगतात. गोळ्या विसरल्या तर मधूनच रक्त दिसू लागते, त्यामुळे वेळा काटेकोरपणे पाळाव्यात. या औषधाचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. जास्त मात्रेत ते घेताना गुठळ्यांचा पूर्वेतिहास लपवू नये.

इस्ट्रोजेनयुक्त संयुक्त गोळ्याही रक्तस्राव चांगला आवरतात, पण उच्च रक्तदाब, दृष्टीदोषासह येणारी अर्धशिशी, ३५ वर्षांनंतर धूम्रपान किंवा गुठळ्यांचा इतिहास असेल तर त्या दिल्या जात नाहीत. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही काळ पडून राहावे लागणार असेल तर त्या सुमारे ४ आठवडे आधी बंद करण्याचा सल्ला दिला जातो. मध्ये दुसरे कोणते औषध घ्यायचे, हे त्याच वेळी ठरवावे.

गाठी मोठ्या असतील आणि शस्त्रक्रियेला दोन-तीन महिने असतील तर ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शने विचारात घेतात. ती बीजांडकोशांना तात्पुरते विश्रांतीत पाठवतात, पाळी थांबते, गाठी लहान होतात आणि या अवधीत लोहोपचाराला मोकळे मैदान मिळते. मात्र पहिल्या एक-दोन आठवड्यांत हार्मोन उलट वाढून रक्तस्राव जोरात होऊ शकतो. हे आधी सांगितले गेले नाही तर रुग्ण घाबरून जाते. गरम वाफा, रात्रीचा घाम, झोप उडणे हे त्रास होतात आणि दीर्घ वापराने हाडे विरळ होतात, म्हणून मुदत मर्यादित ठेवतात. केवळ गाठी काढून गर्भाशय राखायचे असेल तर आणखी एक बाजू तोलावी लागते : या इंजेक्शनांनंतर गाठ आणि भोवतालचा स्नायू यांच्यातली सीमा पुसट होते आणि लहान गाठी हाताला न लागता राहून जाऊ शकतात. रेलुगोलिक्ससारखी तोंडावाटे घ्यायची नवी औषधे हा सुरुवातीचा उसळता रक्तस्राव न घडवता काम करतात.

लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हार्मोन असलेले गर्भाशयातील साधन परिणामकारक आहे, पण त्याला ३ ते ६ महिने लागतात. शस्त्रक्रिया तोंडावर आली असताना त्याच्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. ते मुख्यतः शस्त्रक्रियाच टाळता येईल का, या विचारात बसते.

पाचवी पायरी : लोहाची भरपाई

या पायरीला मी सर्वाधिक महत्त्व देते, कारण रक्तस्रावाचे औषध सगळे विचारतात आणि लोह मात्र 'घेतेय एक गोळी' या सदरात ढकलले जाते.

हिशोब साधा आहे. निरोगी रक्ताच्या १ मिलिलिटरमध्ये सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. पाळीत २०० मिलिलिटर रक्त गेले तर सुमारे १०० मिलिग्रॅम लोह गेले, आणि आहारातून शरीर सर्वसाधारणपणे दिवसाला १ ते २ मिलिग्रॅमच शोषते. म्हणजे चांगल्या जेवणानेही महिन्याची तूट भरत नाही. आहार पौष्टिक असावाच, परंतु स्थापित झालेल्या रक्तक्षयात नुसत्या आहारावर विसंबून वेळ घालवू नये. ६० किलो वजनाच्या स्त्रीचे हिमोग्लोबिन ८ वरून १३ वर न्यायचे आणि साठाही भरायचा, तर एकूण सुमारे १२०० मिलिग्रॅम लोह शरीरात पोहोचावे लागते.

गोळ्यांनी हे साधते, पण वेळ लागतो. फेरस सल्फेट, फ्युमरेट, ॲस्कॉर्बेट असे प्रकार असतात. वेष्टनावर क्षाराचे वजन आणि प्रत्यक्ष लोहाचे वजन वेगवेगळे असते, त्यातले दुसरे पाहावे. दिवसाला ४० ते ६० मिलिग्रॅम किंवा एक दिवसाआड ८० ते १०० मिलिग्रॅम प्रत्यक्ष लोह बहुतेकींना पुरते. दिवसातून दोन-तीन गोळ्या घेऊन लाभ वाढतोच असे नाही, कारण लोहाची एक मात्रा पोटात गेली की यकृतातून हेप्सिडिन हे संप्रेरक वाढते आणि पुढचे सुमारे २४ तास ते शोषण रोखते. मळमळ आणि बद्धकोष्ठता मात्र वाढतात. गोळी शक्यतो रिकाम्या पोटी पाण्यासोबत घ्यावी. चहा, कॉफी, दूध, कॅल्शियम आणि आम्लपित्ताची औषधे तिच्यापासून दोन तास तरी दूर ठेवावीत, थायरॉइडची गोळी चार तास. शौचाला काळे होणे अपेक्षितच आहे. रिकाम्या पोटी अजिबात सोसवत नसेल तर जेवणानंतर घ्यावी. थोडे कमी शोषले गेले तरी बंद केलेल्या गोळीपेक्षा ते बरे.

सुरू केल्यानंतर ३ ते ४ आठवड्यांनी हिमोग्लोबिन तपासावे. साधारण १ ते २ ग्रॅमने वाढले नसेल तर गोळी नियमित घेतली गेली का, रक्तस्राव तसाच चालू आहे का, शोषणात अडथळा आहे का, हे पाहून शिरेतून लोह देण्याचा विचार करावा. शस्त्रक्रिया ६ आठवड्यांच्या आत असेल, गोळ्या सोसत नसतील किंवा रक्तक्षय तीव्र असेल तर मुळातच शिरेतून लोह देणे योग्य. फेरिक कार्बोक्सीमाल्टोजची एका बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा सुमारे १५ मिनिटांत देता येते. आयर्न सुक्रोज कमी मात्रेत, अनेक बैठकांत द्यावे लागते. नंतर अर्धा तास निरीक्षणाखाली थांबवतात. तीव्र ॲलर्जी विरळा असली तरी घसा आवळणे, पुरळ, धाप जाणवताच सांगावे. सुई लावलेल्या जागी जळजळ किंवा सूज आली तर गप्प बसू नये, कारण लोह शिरेबाहेर झिरपले तर त्वचेवर दीर्घकाळ न जाणारा तपकिरी डाग राहतो. परिणाम दुसऱ्या दिवशी दिसत नाही. दोन-तीन आठवडे द्यावेत. त्यामुळे हे काम शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यावर ढकलण्यात फारसा लाभ नाही.

हिमोग्लोबिन किती असावे? नियोजित शस्त्रक्रियेसाठी १२ ते १३ च्या जवळ जाण्याचा प्रयत्न असावा. तितके झाले नाही म्हणून प्रत्येक शस्त्रक्रिया थांबतेच असे नाही. किती रक्त जाण्याची शक्यता आहे त्यावर ते ठरते. घाई नसलेली शस्त्रक्रिया चार आठवडे पुढे गेली तर बिघडत नाही, आणि डॉक्टरांनी तसे सुचवले तर त्याला दिरंगाई समजू नये. कर्करोगाची शंका असेल तर मात्र हिमोग्लोबिनसाठी तारीख लांबवत नाहीत. तिथे शिरेतले लोह आणि रक्त यांचा आधार घेऊन पुढे जातात.

बाहेरचे रक्त देणे हा शेवटचा पर्याय आहे. स्थिर असलेल्या रुग्णात हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेले, किंवा हृदयविकार असताना ८ च्या खाली गेले, तर सहसा त्याचा विचार होतो. एक पिशवी साधारण १ ग्रॅमने हिमोग्लोबिन वाढवते. आधी लोहोपचार नीट झाला असेल तर ही वेळ बहुतेकदा येत नाही.

सहावी पायरी : शेवटचे दोन आठवडे

सर्व औषधांची, वनौषधी आणि पूरक गोळ्यांसह, लेखी यादी भूलतज्ज्ञांना द्यावी. लसूण, गिंको, जिनसेंग यांचे अर्क रक्त गोठण्यात अडथळा आणू शकतात, म्हणून एक ते दोन आठवडे आधी थांबवतात. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन किंवा तत्सम रक्त पातळ करणारी औषधे कधी थांबवायची, हे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि ते औषध देणारे डॉक्टर यांनी मिळून ठरवायचे असते. हृदयात स्टेंट किंवा कृत्रिम झडप असलेल्या व्यक्तीने ती परस्पर बंद करणे जिवावर बेतू शकते.

याच काळात सल्लामसलतीत काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. गर्भाशय राखणार की काढणार? बीजांडकोश राहणार का? किती रक्त जाण्याचा अंदाज आहे आणि त्यासाठी रक्त राखून ठेवले आहे का? शस्त्रक्रियेदरम्यान रक्तस्राव कमी करण्याची औषधे वापरणार का? बाहेरचे रक्त स्वीकारायचे नसेल तर तो निर्णय शेवटच्या दिवशी न सांगता आताच सांगावा, म्हणजे जाणारे रक्त गोळा करून तेच परत देण्यासारख्या व्यवस्थेचा विचार करता येतो.

शस्त्रक्रियेचा दिवस

घन अन्न ६ तास आणि स्वच्छ पाणी २ तास आधी थांबवण्याचा सर्वसाधारण नियम आहे. तुमच्या रुग्णालयाची सूचना वेगळी असेल तर ती पाळावी. पाळी चालू झाली म्हणून घाबरून जाऊ नये. पोटावरच्या किंवा दुर्बिणीच्या बहुतेक शस्त्रक्रिया पाळीतही होतात. गर्भाशयाच्या आत दुर्बीण घालून करायची शस्त्रक्रिया मात्र जोराच्या रक्तस्रावात नीट दिसत नसल्याने पुढे ढकलावी लागू शकते, म्हणून रक्त सुरू होताच रुग्णालयाला कळवावे. शेवटची गोळी कोणती आणि किती वाजता घेतली, आदल्या दिवशी किती पॅड लागले, आणि शेवटचे हिमोग्लोबिन कोणत्या तारखेचे आहे, हे एका कागदावर लिहून सोबत ठेवावे. मधल्या काळात मोठा रक्तस्राव झाला असेल तर जुन्या अहवालावर न जाता हिमोग्लोबिन पुन्हा तपासून घ्यायला सांगावे.

शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव थांबला की लोह आपोआप भरून येईल असे मानून गोळ्या बंद करू नयेत. हिमोग्लोबिन सामान्य झाल्यावरही साठा भरण्यासाठी त्या साधारण ३ महिने चालू ठेवतात. शिरेतून लोह मिळाले असेल तर गोळ्यांची गरज आहे का आणि फेरिटिन पुन्हा केव्हा तपासायचे, हे घरी पाठवतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.